आगमनाचा क्षण : ‘जर्नी टु अ वॉर’ आणि १९३८चा चीन

प्रवासवर्णनातील आगमनाचा प्रसंग हा प्रवासाचा केवळ एक टप्पा नसतो. निवेदक आणि परका देश यांच्यातील नाते कोणत्या अटींवर उभे राहणार आहे, हे बहुधा त्या प्रसंगातच ठरून जाते. मेरी लुईझ प्रॅट यांनी ‘इम्पीरिअल आइज’ (१९९२) या ग्रंथात आगमन-प्रसंगाला युरोपीय प्रवासलेखनाचा रूढ संकेत मानले आहे, ते याच अर्थाने. उंचावर उभा राहून खालचा प्रदेश एका नजरेत ताब्यात घेणारा एकोणिसाव्या शतकातील संशोधक-प्रवासी हा या लेखनपरंपरेचा परिचित नायक होय. परंतु ज्या देशात पाऊल टाकायचे तो युद्धाने होरपळत असेल आणि येणाऱ्याचा स्वतःच्याच साम्राज्यावरील विश्वास उडालेला असेल, तर या संकेताचे काय होते? डब्ल्यू. एच. ऑडन आणि ख्रिस्तोफर इशरवुड यांचा ‘जर्नी टु अ वॉर’ (१९३९) हा ग्रंथ या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे.

ग्रंथाच्या निर्मितीचा इतिहास येथे अप्रस्तुत नाही. पूर्वेकडील देशांवर एक प्रवासग्रंथ लिहावा, असा प्रस्ताव लंडन व न्यूयॉर्क येथील प्रकाशकांनी १९३७ मध्ये या दोघांपुढे ठेवला. त्याच वर्षी जुलैत मार्को पोलो पुलाजवळील चकमकीतून चीन-जपान युद्धाला तोंड फुटले आणि चीनची निवड झाली. स्पेनच्या यादवी युद्धाभोवती नामवंत लेखकांची गर्दी झालेली होती. चीनचे युद्ध अद्याप इंग्रजी साहित्यात यावयाचे होते. ग्रंथाचा विचार आधी आणि युद्धाची निवड नंतर, हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे इशरवुडच्या गद्यातील अस्वस्थतेचे मूळ सापडते. आपण सुएझच्या पूर्वेस प्रथमच जात आहोत, आपल्याला चिनी भाषा येत नाही आणि अतिपूर्वेच्या राजकारणाचे विशेष ज्ञानही नाही, अशी कबुली प्रारंभीच देण्यात आली आहे. अधिकारवाणीचा हा त्याग हेच या ग्रंथाचे वेगळेपण, असे सामान्यतः मानले जाते. ते खरे आहे. मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही.

२८ फेब्रुवारी १९३८ रोजी दोघे हाँगकाँगहून बोटीने कॅन्टनला निघाले. युद्धग्रस्त देशात तटस्थ निरीक्षक म्हणून होणारा पहिला प्रवेश स्वप्नवत, अवास्तव भासणारच, असे इशरवुड नमूद करतो. बोट धक्क्याला लागते, सामान उतरते, तरीही निवेदकाच्या लेखी आगमन झालेले नसते. ते होते नंतर, एका मिशनऱ्याच्या घरी चहा घेताना. बाहेर विमानांची घरघर आणि बॉम्बस्फोटांचे दूरचे धमाके. आत कपबश्या, खाद्यपदार्थांची बशी, कपाटात चेस्टर्टन आणि किपलिंग, भिंतीवर ऑक्सफर्डच्या एका कॉलेजचे छायाचित्र. यजमानांना हल्ल्याचे काहीच नवल नाही. हे आवाज आणि या वस्तू एकाच दृश्याचे घटक आहेत, असे निवेदक स्वतःला बजावतो. आणि त्याच क्षणी आपण चीनमध्ये पोहोचलो, असे तो लिहितो.

हा प्रसंग दुहेरी आहे. आगमन ही भौगोलिक घटना नसून ते जाणिवेत घडते, हे येथे विलक्षण प्रामाणिकपणे मांडले आहे. दुसरीकडे, ज्या क्षणी ‘चीन’ सापडतो त्या क्षणाच्या केंद्रस्थानी एकही चिनी माणूस नाही. चीन आहे तो केवळ खिडकीबाहेरचा आवाज. दृश्य इंग्लंडचे आणि ध्वनी चीनचा, अशी ही विभागणी आहे. आपल्या दृष्टीच्या मर्यादा दाखविणारा निवेदक त्या मर्यादांच्या आतच राहतो, हे त्याला ठाऊक आहे. पण ठाऊक असणे म्हणजे त्या ओलांडणे नव्हे.

नानकिंग पडल्यानंतर हॅन्काऊ हेच चिनी सरकारच्या कारभाराचे प्रत्यक्ष केंद्र बनले होते. तेथील एप्रिलअखेरच्या हवाई युद्धाचे वर्णन या दृष्टीने बोलके आहे. दोघे काळे चष्मे लावून ब्रिटिश वकिलातीच्या हिरवळीवर उताणे पडतात. मान अवघडू नये यासाठी हीच उत्तम पद्धत, असा निर्वाळाही निवेदक देतो. डोंगरमाथ्यावरून खाली पाहणारा जुना प्रवासी येथे अक्षरशः आडवा झाला आहे. वरून खाली पाहण्याची ती सत्ता आता बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाकडे गेली आहे. साम्राज्यवादी दृष्टी नाहीशी झालेली नाही. तिचा धारक तेवढा बदलला आहे. तथापि खाली पडलेला प्रेक्षक आणि खालीच मरणारा नागरिक यांच्यातील अंतर या स्थानबदलाने मिटत नाही. तटस्थ देशाच्या वकिलातीचे संरक्षण त्या दोघांच्या मध्ये उभे असते. जूनमध्ये शांघाय सोडल्यावर हे प्रवासी परतले ते जपानमार्गे. तटस्थतेचा व्यावहारिक अर्थ याहून स्पष्ट करता येणार नाही.

ऑडनची सुनीते याच पेचातून दुसरी वाट काढतात. ‘इन टाइम ऑफ वॉर’ या शीर्षकात काळ आहे, स्थळ नाही. मालेचा पूर्वार्ध मानवजातीच्या उत्पत्तीपासून प्रारंभ करतो, तर उत्तरार्धातील एका सुनीतात नानकिंग आणि डाखाऊ ही नावे शेजारी येतात. गद्यात जे विशिष्ट राहते, त्याला कविता सार्वत्रिक करते. पुढे १९६६च्या संग्रहात ही माला संस्कारित होऊन ‘सॉनेट्स फ्रॉम चायना’ झाली. युद्धाचा उल्लेख गळाला आणि देशाचे नाव आले, हा बदल सार्वत्रिकतेच्या दाव्याविषयी कवीला पुढे वाटलेल्या संकोचाचा सूचक मानता येईल.

या सार्वत्रिकतेची खरी कसोटी मात्र हॅन्काऊमध्येच लागली. मरण पावलेल्या एका अनाम चिनी सैनिकावरील सुनीत ऑडनने तेथील लेखक-विचारवंतांच्या मेळाव्यात वाचले. त्याचा चिनी अनुवाद वृत्तपत्रात आला, तेव्हा सेनापतीनेही सैनिकाला टाकून दिल्याचा उल्लेख नाहीसा होऊन श्रीमंत आणि गरीब एकत्र लढत असल्याचा आशय तेथे आला होता. इशरवुडने ही हकीकत विनोदाच्या अंगाने नोंदविली आहे. परंतु हा अनुवादाचा प्रमाद नव्हे, तो यजमानांचा प्रतिवाद आहे. ज्यांचा देश जळत होता त्यांना आपला सैनिक बेवारस ठरणे परवडणारे नव्हते. प्रचाराची गरज त्यामागे होती, हेही नाकारता येत नाही. पुढे बिआन झिलिन यांच्यासारख्या कवीने या मालेतील काही सुनीते चिनीत आणली आणि ऑडनची शैली आधुनिक चिनी कवितेच्या जडणघडणीत सामील झाली. म्हणजे प्रवाशाचे आगमन पूर्ण झाले ते त्याच्या स्वतःच्या वाक्यात नव्हे, तर यजमानांच्या भाषेत; आणि तेही त्यांनी घातलेल्या अटींवर.

त्याच वर्षी, त्याच हॅन्काऊमध्ये आणखी एक आगमन घडले. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक सप्टेंबरअखेर तेथे पोहोचले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. शहर महिन्याभरात जपान्यांच्या हाती गेले. डॉ. कोटणीस पुढे येनानकडे गेले, चिनी भाषा शिकले, चीनमध्येच विवाह करून राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे चीनमध्येच निधन झाले. परतीचे तिकीट आणि तटस्थतेचे कवच या दोन्ही गोष्टी बाजूला सारल्या की आगमनाचा अर्थ किती बदलतो, हे या उदाहरणावरून दिसते.

परंतु मराठी वाचकाने या तुलनेवर संतुष्ट होऊ नये. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ही कहाणी पडद्यावर आणली, तेव्हा कोटणिसांची भूमिका त्यांनी स्वतः आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. चीन होता, पण तो आपल्या चेहऱ्यांचा आणि आपल्या हिंदी संवादांचा. इशरवुडच्या चहाच्या खोलीत चीन आवाजापुरता उरला होता. या चित्रपटात तो आवाजही आपलाच झाला. पाश्चात्त्य प्रवाशाच्या दृष्टीची चिकित्सा करणाऱ्या समीक्षेने हाच प्रश्न आपल्या स्मरणालाही विचारावयास हवा. इशरवुडने निदान खिडकी कोणती आणि घर कोणाचे, हे लिहून ठेवले आहे.