मतपेटी आणि संप : मुंबई १९३८ ते राहुरी फॅक्टरी

१/ नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीजवळ एक वस्ती आहे. तिचे नावच ‘राहुरी फॅक्टरी’. सहकारी साखर कारखान्याने गाव वसवले आणि त्याला नावही दिले. इथला कामगार सरपंच, आमदार, खासदार गुप्त मतदानाने निवडतो. पण व्यवस्थापनाशी त्याच्या वतीने कोणती संघटना बोलणार, हे ठरवण्यासाठी कायद्याने त्याच्या हाती मतपत्रिका कधी दिली नाही. या विसंगतीचा इतिहास शोधू लागलो, की आपण ७ नोव्हेंबर १९३८ च्या मुंबईत पोहोचतो. आजचा धागा त्या दिवसाविषयी आणि त्यानंतरच्या वाटचालीविषयी.

२/ प्रारंभ नगर जिल्ह्यापासूनच करू. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी दुष्काळी मुलखात बारमाही पाणी आणले आणि पाण्यामागून ऊस आला. त्या काळी राहुरी तालुक्यात मोडणाऱ्या बेलापूरच्या परिसरात खासगी कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन साखर कारखाना उभारला. कालपर्यंत स्वतःच्या रानात राबणारी माणसे आता हजेरीपटावर आली. ‘कामगार’ हा शब्द गिरणगावातून निघून असा काळ्या मातीत पोहोचला.

३/ त्या काळचा कायदा कामगाराकडे कसा पाहत होता? १८५९ च्या एका कायद्यानुसार, आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला थेट फौजदारी शिक्षा होऊ शके. व्यापाऱ्याने करार मोडला तर दिवाणी दावा. मजुराने मोडला तर तुरुंग! हा कायदा १९२० च्या दशकात रद्द झाला. १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनांना नोंदणीचा अधिकार दिला. कामगार हा करार करणारा स्वतंत्र नागरिक आहे, हे तत्त्व अशा रीतीने हळूहळू रुजू लागले.

४/ परंतु १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला आणि सरकार सावध झाले. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात डांगे, मिरजकर, निंबकर, घाटे, जोगळेकर यांना अटक झाली. पाठोपाठ ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब फेकले. त्या वेळी सभागृहात औद्योगिक कलहांविषयीचेच विधेयक होते, ही गोष्ट शालेय पुस्तकांतून बहुधा निसटते.

५/ आता १९३७ कडे येऊ. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकांवर बसला. नगर जिल्ह्यातून त्याच पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम विधानसभेत गेले होते. लोकांनी निवडलेले सरकार प्रथमच सत्तेवर आले होते. साहजिकच कामगारांच्या अपेक्षा उंचावल्या.

६/ एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू. हा मताधिकार सार्वत्रिक नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींच्या चाळणीतून मतदार ठरत. गिरणीतल्या आणि शेतावरल्या श्रमिकांचा फार मोठा भाग मतपेटीपर्यंत पोहोचतच नव्हता. सरकारवर दबाव आणण्याची त्यांची साधने दोनच : मोर्चा आणि संप. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला, तो याच जाणिवेतून.

७/ पुढच्याच महिन्यात, १२ आणि १३ फेब्रुवारीला, मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. मनमाडहून दौंडला जाणारा लोहमार्ग राहुरीवरूनच जातो, हे नगरकरांना सांगायला नको. तिथे डॉ. आंबेडकरांनी श्रमिकांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले.

८/ सप्टेंबर १९३८ मध्ये मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक मांडले. त्याचा गाभा असा : मालक-कामगार वाद आधी समेटाच्या प्रक्रियेत जाईल, ती पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरेल, आणि बेकायदा संपात भाग घेणारा शिक्षेस पात्र होईल. कामगारांनी या विधेयकाला ‘काळे विधेयक’ म्हटले.

९/ सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवे. प्रदीर्घ संपात मालकाचा नफा बुडतो, पण कामगाराची चूल विझते. अहमदाबादच्या मजूर महाजनाने गांधीजींच्या प्रेरणेने लवादाचा मार्ग रुळवला होता, आणि त्याच परंपरेतील गुलझारीलाल नंदा संसदीय सचिव म्हणून मंत्रिमंडळासोबत होते. आधी बोलणी, मग संप, यात गैर ते काय, असा त्यांचा प्रश्न होता.

१०/ विरोधकांचे मुख्य आक्षेप दोन होते. पहिला : संपाचे बळ त्याच्या वेळेत असते. समेटाची प्रक्रिया लांबत राहिली, की मालक तोवर माल साठवतो, बदली कामगार हेरतो, पुढाऱ्यांना वेगळे पाडतो. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. मालकाने मान्यता दिलेल्या संघटनेला नोंदणीसाठी थोडे सभासद पुरत. मालकाची मान्यता नसलेल्या संघटनेला मात्र कितीतरी अधिक सभासद दाखवावे लागत. म्हणजे कामगारांच्या वतीने कोणी बोलावे, यात मालकाचाही कौल धरला जाणार होता.

११/ १५ सप्टेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकर विधानसभेत बोलले. संप म्हणजे फार तर कराराचा भंग. तो दिवाणी अपराध असेल, फौजदारी गुन्हा नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे आणि नकार दिल्यास शिक्षा करणे, याला गुलामगिरीखेरीज दुसरे नाव नाही. म्हणून संपाचा हक्क म्हणजे आपले श्रम कोणत्या अटींवर द्यायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य होय. या विधेयकाचे खरे नाव ‘कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा’ असे असावयास हवे होते, असेही त्यांनी सुचवले.

१२/ या भाषणातील सर्वांत दूरगामी मुद्दा लोकशाहीविषयी होता. सरकार निवडून आलेले आहे, एवढ्यावरून त्याचा प्रत्येक कायदा लोकशाहीचा ठरत नाही. शिक्षण, साधने आणि संघटनेचे बळ यांपासून वंचित असलेल्या वर्गाला बांधून ठेवणारी व्यवस्था स्वतःला लोकशाही म्हणवू लागली, तर ती लोकशाहीची विटंबना होय, असा त्यांचा आशय होता. परकीय सरकारविरुद्ध असे बोलणे त्या काळी सर्वमान्य होते. स्वकीय, लोकनियुक्त सरकारसमोर तेच बोलणे फार अवघड होते.

१३/ या विरोधातून एक अनपेक्षित युती जुळली. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांच्यात तीव्र मतभेद होते. त्याचे एक ठोस कारण विणकाम खात्यात होते. तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे. म्हणून विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यात येऊ दिले जात नसे. लाल बावट्याने ही भिंत पाडण्यासाठी काय केले, हा आंबेडकरांचा सवाल होता. तो संपला नव्हता. तरीही १९३८ मध्ये दोन्ही बाजू एका व्यासपीठावर आल्या.

१४/ ७ नोव्हेंबर १९३८. मुंबईत एक दिवसाचा सार्वत्रिक संप. कामगार रस्त्यावर आले. स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक गिरणगावात फिरत होते, डॉ. आंबेडकर, डांगे, निंबकर, मिरजकर हे पुढारी कामगारांमध्ये होते. बहुतेक गिरण्या थंडावल्या. काही ठिकाणी दगडफेक, लाठीमार आणि पोलिसांचा गोळीबार झाला. अनेक जण जखमी झाले. सायंकाळी परळच्या कामगार मैदानावर विराट सभा भरली.

१५/ संपाने विधेयक थांबले का? नाही. सभागृहातील बहुमताच्या बळावर त्याचा कायदा झाला. मग हा संप व्यर्थ गेला, असे म्हणावे काय? नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न वाचनालयांतून आणि वकिलांच्या दालनांतून बाहेर काढून गिरणीच्या फाटकावर मांडला गेला, ही त्याची कमाई होती. पगारवाढ, बोनस किंवा कामाचे तास यांपैकी कोणतीही मागणी त्या दिवशी मुख्य नव्हती. एका कायद्याविरुद्ध, हक्कासाठी, कामगारांनी स्वतःचा दिवसाचा रोज गमावला होता.

१६/ १९४६ मध्ये त्या कायद्याची जागा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने घेतली. त्यात ‘प्रातिनिधिक संघ’ ही कल्पना पक्की झाली. एका उद्योगात, एका स्थानिक क्षेत्रात, ठरावीक प्रमाणात सभासद असलेली एकच संघटना प्रातिनिधिक ठरते आणि वाटाघाटीचा हक्क तिलाच मिळतो. सभासदसंख्येची शहानिशा नोंदणी अधिकारी दप्तर तपासून करतो. कामगारांचे गुप्त मतदान त्यात नाही. कापड गिरण्यांबरोबर हा कायदा साखर उद्योगालाही लागू झाला, आणि मुंबईतला हा वाद राहुरीच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन ठेपला.

१७/ राहुरीत मात्र त्याला एक वेगळेच वळण होते. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्याच वाटेने राहुरीलाही शेतकऱ्यांचा कारखाना आला. इथे मालक म्हणजे ऊस उत्पादक सभासद. संचालक मंडळ त्यांनी मतदानाने निवडलेले. कामगारही त्याच गावांचे, कित्येकदा त्याच घरांतले. एक भाऊ सभासद, तर दुसरा बॉयलरवर! मालकही मतपेटीतूनच आला असेल, तर संप कोणाविरुद्ध करायचा?

१८/ हा प्रश्न १९३८ च्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. तेव्हा सरकार लोकनियुक्त होते. इथे संचालक लोकनियुक्त. दोन्हीकडे उत्तर एकच निघते. निवडून येणाऱ्याला कारभाराचा अधिकार मिळतो. कामगाराचे तोंड बंद करण्याचा मिळत नाही. सात्रळचे कॉम्रेड पी. बी. कडू पाटील यांच्यासारखे राहुरी तालुक्यातील कार्यकर्ते शेतकरी आणि कामगार या दोघांच्याही लढ्यात राहिले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उमगते. ऊस पिकवणारा आणि ऊस गाळणारा यांना एकमेकांसमोर उभे करणे सोपे असते.

१९/ लोकशाही आणि पगार यांचे नाते किती थेट असते, हे १९७५ ने दाखवून दिले. जूनमध्ये आणीबाणी लागू झाली. सभा, मोर्चे, वृत्तपत्रे यांवर निर्बंध आले. सप्टेंबरमध्ये एका वटहुकमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. रस्त्यावर येऊन विरोध करण्याची वाट आधीच बंद होती. १९७७ मध्ये सत्तांतर झाले आणि ८.३३ टक्के पुन्हा लागू झाले. अनेकांना अमूर्त वाटणाऱ्या नागरी स्वातंत्र्याची किंमत कामगाराच्या दिवाळीत अशी अंकांत मोजता आली.

२०/ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगाराबरोबरच एक मागणी होती, १९४६ चा कायदा रद्द करा! मान्यताप्राप्त संघटना आपली नाही, असे कामगार सांगत होते. कायदा म्हणत होता, बोलणी तिच्याशीच होतील. हा पेच सुटला नाही आणि संपाची सांगताही कधी रीतसर झाली नाही. गिरणगाव उद्ध्वस्त होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांत प्रतिनिधित्वाचा हा न सुटलेला प्रश्न धरावाच लागेल.

२१/ आज कायद्याची स्थिती काय? संविधानाचा १९ वा अनुच्छेद संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य देतो. संप करणे मात्र मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा म्हटले आहे. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपापूर्वी १४ दिवसांच्या नोटिशीची अट सर्व औद्योगिक आस्थापनांसाठी आहे, आणि ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क आहे. ‘आधी थांबा’ आणि ‘तुमच्या वतीने कोण बोलणार’ हे १९३८ चे दोन्ही मुद्दे नव्या शब्दांत आपल्यासमोर आहेत.

२२/ अलीकडच्या वर्षांत राहुरीचा कारखाना अडचणीत आला आणि बंद पडला, तेव्हा कामगारांना थकीत देण्यांसाठी आंदोलनाची वाट धरावी लागली. अशा उपोषणाच्या मांडवात बसलेल्या माणसाकडे आपण सहसा स्थानिक बातमी म्हणून पाहतो. परंतु घाम गाळल्यावर मोबदला मागणे, त्यासाठी चारचौघांत बसणे, निवडून आलेल्यांना जाब विचारणे, हे सारे ७ नोव्हेंबरच्या त्याच परंपरेत बसते.

२३/ मित्रहो, आपल्या गावात साखर कारखाना, सूतगिरणी किंवा विडी कारखाना असेल, तर तिथल्या जुन्या कामगारांना एक प्रश्न अवश्य विचारा : ‘तुमच्या वतीने कोण बोलत होते, आणि त्यांना कोणी निवडले होते?’ मिळेल ते उत्तर तारखेसह लिहून ठेवा. कारखान्यांचे अहवाल संचालकांची नावे जपतात. फाटकाबाहेर बसलेल्यांची नावे जपण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

(धागा समाप्त)