असोदा : दोन डोंगरांमधले काळे रान

असोदा हे जळगाव शहराच्या ईशान्येला, अगदी जवळ वसलेले तापीखोऱ्यातले गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या मुलखाची ठेवण आहे. गाव सपाटीवर असले तरी त्याची माती डोंगरांतूनच आलेली. पश्चिमेला गिरणा, पूर्वेला वाघूर. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वळसा घेणारी हीच वाघूर पुढे तापीला मिळते. या नद्यांनी झिजलेल्या काळ्या दगडाचा गाळ खोऱ्यात आणून टाकला. ओल धरून ठेवणारी ही जमीन कपाशीला मानवते.

१६०१ मध्ये असीरगड किल्ला पडला आणि हा मुलूख, म्हणजे खानदेश, मोगलांकडे गेला. १८१८ नंतर तो इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे आली आणि जळगावची बाजारपेठ वाढली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. असोदा पूर्व खानदेशात राहिले. तोच आजचा जळगाव जिल्हा.

कपाशीचा संबंध इथल्या चुलीशीही आहे. भरताची वांगी मोठी, पोपटी, पांढरट रेघांची आणि कमी बियांची. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, म्हणजे पऱ्हाट्यांच्या, जाळावर भाजतात, साल काढतात आणि बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात परतून त्यात मिसळतात. सोबत ज्वारी-उडदाची, म्हणजे कळण्याची भाकरी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या पट्ट्यातील लेवा समाजाच्या बोलीला लेवा गणबोली म्हणतात. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो. जळगावचे ‘जयगाव’ आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये असोद्याच्या महाजन घराण्यात जन्मल्या आणि लग्नानंतर जळगावला गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना सुचलेल्या ओव्या त्या म्हणत आणि घरातली माणसे त्या उतरवून घेत. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुत्र कवी सोपानदेव यांनी या रचना आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. त्यामुळे असोद्याची बोली छापील मराठीत आली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.