अणुवीज समाप्ती, जर्मनीतील
अणुवीजकेंद्रे क्रमाक्रमाने बंद करण्याचे जर्मनीचे धोरण. त्याचा कायदा २००२ मध्ये झाला. २०१० मध्ये केंद्रांना मुदतवाढ मिळाली. परंतु मार्च २०११ मधील फुकुशिमा (जपान) येथील अपघातानंतर आठ अणुभट्ट्या कायमच्या बंद ठरल्या व उरलेल्यांसाठी २०२२ अखेरची मुदत ठरली. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने सौर वीज घटते. त्यातच वारा पडल्यास पवनवीजही अपुरी ठरते. ही तूट मुख्यतः कोळसा व नैसर्गिक वायू यांवर भरून काढावी लागते. २०२२ मध्ये रशियाचा वायुपुरवठा जवळजवळ थांबल्याने राखीव कोळसाकेंद्रे पुन्हा चालू झाली आणि ईझार-२, एम्सलांट व नेकारवेस्टहाइम-२ या शेवटच्या अणुभट्ट्यांना हिवाळ्यापुरती मुदतवाढ मिळाली. १५ एप्रिल २०२३ रोजी त्याही बंद झाल्या. अणुभट्टीतील अपघाताचे भय त्यामुळे ओसरले. थंडीतील भरवशाच्या विजेचा प्रश्न मात्र मिटला नाही.