पेशीपटल

पेशीपटल (प्रद्रव्यपटल) : सजीव पेशीतील प्रद्रव्य बाहेरच्या माध्यमापासून वेगळे राखणारे, मुख्यतः लिपिडे व प्रथिने यांचे बनलेले आवरण. जाडी ५ ते १० नॅनोमीटर. अशी दहा हजारांहून अधिक पटले एकावर एक रचावीत तेव्हा वहीच्या एका पानाची जाडी भरते. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते स्पष्ट दिसत नाही. शाळेत कांद्याच्या पापुद्र्यात विटांसारखी जी चौकट दाखवतात ती पेशीभित्तिका असते, पेशीपटल नव्हे.

लिपिडे : पटलाचा पाया फॉस्फोलिपिडांचा असतो. या रेणूचे फॉस्फेटयुक्त डोके जलस्नेही आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या जलद्वेषी असतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू आपोआप दुहेरी थरात लागतात : शेपट्या आत, डोकी दोन्हीकडच्या पाण्याला लागून. शेजारच्या रेणूंमध्ये रासायनिक बंध नसल्याने थर वाहता राहतो. संपृक्त, सरळ शेपट्या दाटीने बसतात. असंपृक्त शेपट्या द्विबंधापाशी वाकलेल्या असल्याने सैल राहतात. थंडीत खोबरेल बाटलीत गोठते आणि शेजारचे करडईचे तेल पातळच राहते, यामागेही हाच फरक आहे. प्राणिपेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. कवकांत त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असते आणि अँफोटेरिसीन-बी हे बुरशीविरोधी औषध त्यालाच जाऊन चिकटते.

दुहेरी थराचा शोध : याची सुरुवात जीवशास्त्रात नव्हे, पृष्ठरसायनात झाली. जर्मनीतील ब्रन्सविक येथे राहणाऱ्या आग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नव्हते. घरीच पत्र्याच्या पसरट भांड्यात पाणी भरून त्यांनी पृष्ठभागावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली. पट्टी मागे-पुढे सरकवली की पाण्यावरचा तेलकट पापुद्रा आक्रसे किंवा पसरे आणि पृष्ठताण बदले. हे निष्कर्ष त्यांनी लॉर्ड रॅली यांना पत्राने कळवले व त्यांच्या शिफारशीने ते १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले गेले. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी (१९१७) याच धर्तीच्या उपकरणाने एकरेणवीय थर मोजले. मात्र उपकरणाला नाव लँगम्यूर यांचे चिकटले.

लायडन येथील बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गॉर्टर व त्यांचे सहकारी एफ. ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये ही पद्धत रक्ताला लावली. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, आतली इतर पटलेही नसतात. म्हणून तिच्यातून निघेल ते लिपिड जवळजवळ सगळे बाहेरच्या पटलाचेच. माणूस, कुत्रा, मेंढी, ससा इत्यादींच्या पेशींतील लिपिडे त्यांनी अ‍ॅसिटोनने काढली, पाण्यावर पसरली आणि क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या एकूण पृष्ठफळाच्या सुमारे दुप्पट भरले. अर्थात थर दुहेरी असला पाहिजे.

निष्कर्ष बरोबर, पण हिशेब चुकलेला होता. अ‍ॅसिटोनने सगळे लिपिड निघत नाही. शिवाय त्यांनी मानवी पेशीचे पृष्ठफळ सुमारे १०० चौ. मायक्रोमीटर धरले, आजच्या मोजणीप्रमाणे ते १३५ ते १४० च्या आसपास आहे. दोन्ही आकडे कमी पडले आणि गुणोत्तर तेवढे जागेवर राहिले. १९६६ मध्ये प्रयोग पुन्हा करण्यात आला तेव्हा हे उघड झाले. पाठ्यपुस्तके हा भाग बहुधा गाळतात.

प्रथिने : डॅनिएली व डेव्हसन यांनी १९३५ मध्ये लिपिडाच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचे लेप कल्पिले. हे प्रारूप तीन दशकांहून अधिक काळ चालले. फ्राय व एडिडिन यांनी १९७० मध्ये उंदराची व माणसाची पेशी जोडून पाहिली : हिरवी व तांबडी खूण केलेली त्यांची प्रथिने ३७° से. तापमानाला ४० मिनिटांत एकमेकांत मिसळली. सिंगर व निकल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘प्रवाही कुट्टिम’ प्रारूपात प्रथिने लिपिडात रुतलेली व सरकती मानली जातात. काही लिपिडे ‘तराफ्यां’सारखी एकत्र राहतात, या मताबद्दल एकवाक्यता नाही.

वहन : ऑक्सिजन, कार्बन डाय-ऑक्साइड असे लहान रेणू विसरणाने पार होतात, आयनांना व शर्करेला प्रथिनांची वाट लागते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, ते परासरणाने. पाणी लिपिडातून झिरपते. पण काही पेशींत ते इतक्या झपाट्याने कसे जाते, हे पुष्कळ काळ कोडे होते. पीटर आग्रे यांना र्‍हीसस रक्तगटाचे प्रथिन शुद्ध करताना एक नको असलेले प्रथिन वारंवार सापडे. १९९२ मध्ये ते बेडकाच्या अंडपेशीत निर्माण करवले, तेव्हा पातळ द्रावणात टाकलेल्या त्या पेशी फुगून फुटल्या. हेच अ‍ॅक्वापोरिन (नोबेल पारितोषिक, २००३).

येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातील चेतातंतूंत सोडियम-पोटॅशियम पंप दाखवला. ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या एका रेणूमागे तो तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो.

पुटिकावहन : मोठे कण पटलाच्या घडीत गुंडाळून आत-बाहेर नेले जातात.

वैद्यकीय महत्त्व : आतड्याच्या पेशीत सोडियमबरोबर ग्लुकोज आत ओढणारे वाहक प्रथिन असते (रॉबर्ट क्रेन, १९६०). कॉलऱ्याच्या विषाने क्लोराइड व पाणी बाहेर वाहू लागते, पण या वाहकाला धक्का लागत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी याच वाटेने, मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून, उपचार केले. ३,७०० हून अधिक रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या मिश्रणात एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट व १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते.