मेळ : कीर्दीपासून पासबुकापर्यंत

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत फडणीस, पोतनीस, मुजुमदार ही आडनावे आजही नांदतात. ती धारण करणाऱ्या तरुणांना आपल्या आडनावात हिशेबाची एक संपूर्ण व्यवस्था सामावलेली आहे, याची कल्पना क्वचितच असते. शासकीय सेवेत अर्धे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत घालविल्यामुळे त्या व्यवस्थेविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फर्द लिहिणारा तो फडणीस. पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा, हिशेब राखणारा तो पोतनीस. आणि सर्व हिशेबांवर नजर ठेवणारा तो मुजुमदार. मराठेशाहीत मोठ्या जिल्ह्यांवर मामलेदाराबरोबर असे दरखदार नेमलेले असत. त्यांची पदे बहुधा वंशपरंपरागत असून मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. मामलेदार हुकूम देई, पोतनीस रोकड सांभाळी, फडणीस लिही आणि मुजुमदार तपाशी. ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच हाती लेखणी नाही, हे या रचनेचे मर्म होते.

रोजचा जमाखर्च ज्या वहीत उतरे ती रोजकीर्द. कीर्दीतील नोंदी खात्यांप्रमाणे वाटून घेतल्या की खतावणी तयार होई. दिवसअखेर आरंभीची शिल्लक, त्यात जमा, त्यातून खर्च वजा, आणि उरलेली बाकी पेटीतल्या नाण्यांशी जुळली की ‘मेळ बसला’. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा रोजकीर्दी आजही जपलेल्या आहेत. त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात ज्यांनी संपादित केले, ते रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी उमेदीची वर्षे बडोदे संस्थानच्या नोकरीत घालविली होती, हे आपल्या वाचकांना अभिमानाने आठवेल.

परंतु हा सारा मेळ वही आणि पेटी यांच्यातला होता. पैसा आपल्याच घरात असला की तो मोजून पाहता येतो. तो दुसऱ्याच्या स्वाधीन केला की मोजायचे काय? मग वही पेटीशी नव्हे, दुसऱ्याच्या वहीशी ताडावी लागते. गायकवाडी राज्याला याचा अनुभव फार पूर्वी आला होता. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांसारख्या पेढ्या राज्याला उचल देत, तिच्यावर व्याज आकारीत आणि राज्याच्या वसुलातून फेड करून घेत. राज्याच्या दफ्तरात एक हिशेब, पेढीच्या चोपडीत दुसरा. त्यात जुनी बाबाशाही नाणी आणि इंग्रजी कलदार रुपया यांच्यातील बट्ट्याची भर. दोन वह्यांचा मेळ घालणे हे केवळ कारकुनी काम नव्हते; राज्याचे किती आणि सावकाराचे किती, हे त्यावरून ठरत असे.

पुढे २० जुलै १९०८ रोजी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. तिचे भरणा झालेले भांडवल दहा लाख रुपये होते. संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास आदी मंडळी तिच्या उभारणीत होती. १९ जुलै १९६९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. अशा बँकांमुळे दोन वह्यांचा प्रश्न दरबारातून सामान्यांच्या घरात आला. खातेदाराच्या हाती पासबुक पडले. पासबुक म्हणजे बँकेच्या खतावणीतील आपल्या खात्याची नक्कलच. आपल्या वहीत बँक आपली ऋणको, म्हणून शिल्लक तिच्या नावे. बँकेच्या वहीत आपण धनको, म्हणून तीच शिल्लक आपल्या नावावर जमा. एकच व्यवहार, परंतु आरशातल्याप्रमाणे बाजू उलटलेल्या.

दोन्ही वह्या प्रामाणिक असूनही आकडे जुळत नाहीत, ते कसे? एक उदाहरण घेऊ. रोख पुस्तकात बँकेची शिल्लक १२,४०० रुपये आहे. ३,००० रुपयांचा एक धनादेश आपण बँकेत भरला, परंतु तो अद्याप वटलेला नाही. १,८५० रुपयांचा धनादेश आपण कोणाला दिला, त्याने तो अजून बँकेत नेलेला नाही. बँकेने ५० रुपये आकार कापून घेतला, तो आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा १२,४०० मधून ३,००० वजा, १,८५० मिळवून, ५० वजा केले की ११,२०० उरतात. पासबुकात नेमका हाच आकडा असला पाहिजे. हे मांडणारा कागद म्हणजे बँक जुळवणी पत्रक. पहिले दोन फरक काळाचे आहेत. ते आपोआप मिटतात. तिसरा माहितीचा आहे. त्याची नोंद आपण करावयाची. हे सर्व वजा जाऊनही जे उरते, ती चूक असते किंवा लबाडी.

या शेवटच्या वाक्यातील ‘किंवा’ हा शब्द किती जड आहे, हे मला १९८६ साली कळले. नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. एका तालुक्याच्या कचेरीत एका योजनेचे बँक खाते माझ्या सहीने चाले. चार महिने जुळवणी झाली नव्हती. मार्चअखेर पाहतो तो सारे फरक वजा जाऊनही पासबुकात २,७०० रुपये कमी! रोख पुस्तक एका वयस्क लेखनिकाकडे होते आणि त्यांची निवृत्ती तीन महिन्यांवर आलेली. मी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागविला. कचेरीत कुजबुज सुरू झाली. ते काही बोलले नाहीत. वह्या घेऊन तीन संध्याकाळ बसून राहिले.

चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे रोख पुस्तक उघडे ठेवले. “साहेब, सत्तावीसशेला नऊने पूर्ण भाग जातो. असा फरक बहुतेक अंकांच्या अदलाबदलीचा असतो. हे पाहा, दिलेल्या धनादेशाच्या अर्धुकावर ४,१७० आहेत, पावतीवरही ४,१७० आहेत. पुस्तकात १,४७० लिहिले आहेत.” मग क्षणभर थांबून हळूच म्हणाले, “फक्त एवढंच, की हे अक्षर माझं नाही.”

अक्षर माझे होते. डिसेंबरात ते आठ दिवस रजेवर असताना ते पान मीच लिहिले होते. धनादेशावर सही माझी, पुस्तकात नोंद माझी आणि पानाखाली ‘तपासले’ म्हणून सहीही माझीच! मी खुलासा परत घेतला, सर्वांसमोर त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “चूक कुणाचीही होते, साहेब. आधी वही तपासावी, मग माणूस.” ते सन्मानाने निवृत्त झाले, माझी टोचणी मात्र गेलेली नाही. जुन्या दरखदारांची व्यवस्था मी पुस्तकात वाचली होती; तिची आवश्यकता त्या दिवशी पटली. फडणीसाची लेखणी मामलेदारावरही वचक ठेवण्यासाठी होती, केवळ कनिष्ठांवर नव्हे.

आज काळाचे फरक झपाट्याने आटत आहेत. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीने पैसे अहोरात्र पाठविता येतात, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशही त्याच दिवशी वटविण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे जुळवणीची गरज संपली असे कित्येकांना वाटते. माझे मत उलट आहे. पूर्वी ‘धनादेश वाटेत असेल’ म्हणून फरकाकडे दुर्लक्ष करण्यास सबब तरी होती. आता जो फरक उरतो, त्याची चौकशी त्याच दिवशी व्हावयास हवी.

आपली मंडळे, देवस्थाने, वाचनालये आजही दोन-चार निष्ठावंत माणसांच्या खांद्यांवर चालतात. त्यांना एवढीच विनंती, की दरमहा जुळवणी पत्रक करावे, आणि ते धनादेशावर सही करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावे. यात अविश्वास नाही. उलट, प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचविणारे याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. आणि घरातल्या माळ्यावर एखादी मोडीतली कीर्द सापडलीच, तर ती रद्दीत घालू नये. दिवसअखेर बाकी जुळविल्याशिवाय दिवा न मालवणाऱ्या कोणा पूर्वजाचे ते हस्ताक्षर असेल.