घरची मोटार आणि मागची रांग

पेण व रोहें येथील एखाद्या जुन्या घरांत मोटार घेण्याचा विचार निघाला म्हणजे सर्वांआधीं विचारलें जातें तें हें, "माणसें किती मावतील?" किंमत, तेल व रंग यांचे प्रश्न त्यामागून येतात. हें साहजिकच आहे. एक भाऊ मुंबईस, दुसरा पुण्यास, आईवडील गांवीं. गणपतीस, शिमग्यास आणि लग्नकार्यास हीं सारीं एकत्र जमतात आणि एकाच वाहनांतून कोठें तरी जावयाचें असतें. तीन रांगांच्या, सहासात जणांच्या मोटारींची अलीकडे बाजारांत रेलचेल झाली आहे. त्यांतून निवड करतांना मात्र बहुतेक कुटुंबें पहिल्या रांगेंत बसून निवड करतात. तिसऱ्या रांगेंत शिरून पाहणारें गिऱ्हाईक विरळा. ही संवय कोठून आली हें समजून घ्यावयाचें तर थोडें मागें जावें लागेल.

ज्या काळीं हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असे (रायगड हें नांव १९८१ सालचें), त्या काळीं मुंबईशीं येणेंजाणें मुख्यतः पाण्यावरून चाले. पेणचा माल अंतोऱ्याच्या बंदरांतून मचव्यांनीं जाई, रोह्याचा कुंडलिकेच्या खाडींतून. उतारू मंडळी आगबोटीनें धरमतरास उतरत व तेथून पुढें टांगा किंवा बैलगाडी करीत. सुखवस्तु घरीं छपराची दमणी असे. इतरांना साधी गाडी, तींत पेंढा आणि पेंढ्यावर घोंगडें.

या बैलगाडींत कोणीं कोठें बसावें हें गाडीवान ठरवीत असे, आणि त्यांत मानापमानाचा प्रश्न नसे. दोनच चाकें आणि मध्यें एक आंस. मागें ओझें अधिक झालें कीं धुरा वर उचलली जाऊन जूं बैलांच्या गळ्याशीं येई. याला गाडी उलाळ होणें म्हणत. पुढें ओझें झालें तर तें बैलांच्या मानेवर. म्हणून गाडीवान आजोबांना पुढें घेई, ट्रंक मध्यें सरकवी, दोन मुलांना शेपटाकडे पाय सोडून बसवी, आणि चढ लागला कीं धडधाकट मंडळींस खालीं उतरण्यास सांगे. मागें बसणाराचें वजन ज्यांत मोजलें जाई असें हें वाहन होतें. पुढें मोटारी आल्या आणि ही मोजदाद गाडीवानाबरोबर गेली.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर धांवली, आणि पुढें कोंकणांतील गांवोगांव एस्.टी.नें जोडलें गेलें. घरची मोटार मात्र एखाद्या डॉक्टराकडे, वकिलाकडे किंवा मिठाच्या व्यापाऱ्याकडे. त्या काळांत तुलना करून मोटार घेणें ही कल्पनाच व्यर्थ होती. अँबॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढींच काय तीं नांवें. नोंदणी करून वर्षानुवर्षें थांबावयाचें आणि हाती येईल ती गाडी गोड मानून घ्यावयाची. तींत पुढें तीन, मागें चार आणि मांडीवर मुलें, असें घरदार बसे.

ज्यांना याहून मोठें वाहन हवें असे ते जीपकडे वळत. मुंबईंत महिंद्रांनीं १९४७ सालीं जीप जोडण्यास प्रारंभ केला. तिच्या मागील भागांत आडवे, समोरासमोर बांक. बसणारांचे गुडघे एकमेकांस लागलेले, डोक्यावर ताडपत्री आणि पाठीशीं कांहींच नाहीं. कर्नाळ्याच्या किंवा सुकेळीच्या खिंडींतील वळणें आडव्या बांकावरून ज्यानें अनुभवलीं आहेत, त्याला मळमळ म्हणजे काय हें वैद्यानें सांगण्याचें कारण नाहीं. ट्रॅक्स आली, तींतही तीच मांडणी. गांवाबाहेर गेलें कीं तिचाकी मिनीडोर आणि तींत दाटीवाटीनें भरलेली माणसें हें दृश्य तर या जिल्ह्याच्या ओळखीचेंच आहे.

१९९४ सालीं टाटांची सुमो आली. टेल्कोची उभारणी करणारे सुमंत मुळगांवकर यांच्या नांवाच्या व आडनांवाच्या आद्याक्षरांवरून तिचें नांव पडलें. दहा माणसें बसतात म्हटल्यावर मोठ्या कुटुंबांना ती आपलीच वाटली. परंतु तिच्याही मागच्या भागांत तेच आडवे बांक होते! २००० सालीं क्वालिस आली. बैठक मऊ झाली, आवाज कमी झाला, तरी तिच्या अनेक प्रकारांत मागील बांक आडवेच राहिले. २००५ सालीं तिची जागा इनोव्हानें घेतली आणि तींत तिसरी रांगही पुढें तोंड करून बसली. कौटुंबिक मोटारीच्या इतिहासांत इंजिनाच्या शक्तीपेक्षां ही गोष्ट मोठी मानली पाहिजे. शेवटच्या बांकावरील माणूस प्रथमच प्रवासी झाला; तोंवर तो जवळजवळ सामानांतच जमा होता.

यानंतर लांबीचें प्रकरण सुरू झालें. २००६ च्या अर्थसंकल्पानें चार मीटरांच्या आंतील लहान मोटारींवरील अबकारी कर उतरविला आणि कारखानदार त्या रेषेच्या आंत बसण्याची खटपट करूं लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांतही ही रेषा टिकून आहे: चार मीटरांच्या आंतील, १२०० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस १८ टक्के आणि मोठ्या मोटारीस ४० टक्के. २०१९ सालीं आलेली ट्रायबर ३९९० मिलिमीटरांत तीन रांगा बसविते, हें कौशल्य खरेंच. पण तीनही रांगा भरल्या कीं डिकींत उरते ८४ लिटरांची जागा, म्हणजे एखाददुसरी पिशवी. २०१८ च्या अर्टिगांत हीच जागा २०९ लिटर व २०२२ च्या कॅरेन्समध्यें २१६ लिटर. सात माणसें निघालीं म्हणजे सात बोचकीं निघतात, याचा विचार या आंकड्यांवरून कुटुंबानेंच करावयाचा असतो.

बाहेरच्या लांबीवरून आंतल्या जागेचा अंदाज बांधणारा तर हमखास फसतो. २०१८ ची अर्टिगा ४३९५ मिलिमीटर लांब, आणि २०२१ ची एक्स्‌यूव्ही ७०० ही ४६९५. म्हणजे एक फुटाचा फरक. परंतु पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर पाहिलें तर तें अनुक्रमें २७४० आणि २७५० आहे. वाढलेल्या तीनशें मिलिमीटरांपैकीं चाकांच्या मध्यें आले ते अवघे दहा. उलट कॅरेन्स ४५४० मिलिमीटरांची, एक्स्‌यूव्हीहून आंखूड, आणि तिचें हें अंतर २७८०. दांडग्या नाकाच्या मोटारीचा रुबाब रस्त्यावर दिसतो हें खरें. आंत बसणाराचे पाय मात्र बहुधा या दोन आंसांच्या मधल्या अंतरांतच सामावून घ्यावे लागतात.

येऊं घातलेल्या मोटारींची आतां आधीं वर्दी येते, मग छायाचित्रें येतात आणि मोटार रस्त्यावर दिसण्यापूर्वीं नोंदणी संपते. ऑक्टोबर २०२१ मध्यें एक्स्‌यूव्ही ७०० च्या पहिल्या पंचवीस हजार नोंदण्या एका तासाच्या आंत झाल्या. जुलै २०२२ मध्यें स्कॉर्पिओ-एन् च्या एक लाख नोंदण्यांस अर्धा तासही लागला नाहीं. फियाटसाठीं वर्षानुवर्षें थांबणाऱ्यास निवड नव्हती. आतां निवड आहे आणि ती अर्ध्या तासांत उरकण्याची घाई आहे. तेवढ्या वेळांत आजींना मागच्या रांगेंत चढवून उतरवणेंसुद्धां व्हावयाचें नाहीं.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांविषयींही असेंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एन्‌कॅपची चाचणी सुरू झाली, ही मोठी चांगली गोष्ट झाली. परंतु मोटार समोरून आदळून पाहतात तेव्हां मोठ्या माणसांचे पुतळे पुढें असतात आणि लहान मुलांचे दुसऱ्या रांगेंत. तिसरी रांग रिकामीच असते. मागून धडक देऊन पाहण्याची चाचणी २०२३ च्या नियमावलींत नव्हती. पांच तारे मिळाले म्हणून आनंद मानणाऱ्या घरानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं ते तारे शेवटच्या बांकावरील नातवाविषयीं फारसें कांहीं सांगत नाहींत. त्या बांकावर डोकें टेकावयास आधार आहे काय, पट्टा खांद्यावरून येतो कीं नुसता कमरेचा आहे, मागची कांच डोक्यापासून किती वितींवर आहे, हें घरच्याच कोणीं तरी तेथें बसून पाहिलें पाहिजे.

रस्त्याचाही हिशेब आहे. पनवेल ते माणगांव तालुक्यांतील इंदापूर हा ८४ किलोमीटरांचा टप्पा रुंद करण्याचें काम २०११ सालीं हातीं घेतलें गेलें, तें एका तपाहून अधिक रेंगाळलें. पेण, वडखळ, नागोठणें या पट्ट्यांतील खड्डे मुंबईच्या वर्तमानपत्रांत दर गणपतीस गाजले. खड्ड्याचा धक्का मागच्या चाकांवर बसलेल्यास सर्वांत अधिक लागतो, आणि तिसरी रांग नेमकी तेथेंच असते. नागोठण्याहून भिसे खिंडीनें रोह्यास जातांना पुढचा माणूस देखावा पाहतो, मागचा छपराची दांडी धरून असतो. म्हणून मोटार चालवून पाहावयाची ती शोरूमपुढील गुळगुळीत रस्त्यावर न पाहतां याच वाटेनें, सातही जण बसवून, पाहावी. विकणारे कुरकुरतील, कुरकुरूं द्यावें.

आणि श्रावण संपत आला कीं या साऱ्या तुलनेंत आणखी एक प्रवासी भर घालतो. मुंबई-पुण्याकडील मंडळी पेणला मूर्ति घेण्यास येतात. शाडूची मूर्ति हलतां कामा नये, तिला सपाट जागा हवी आणि वर मोकळें हवें. मग तिसरी रांग मोडून तेथें गादी अंथरतात, गणपति विराजमान होतात, आणि येतांना त्या रांगेंत बसून आलेले धाकटे काका व त्यांचा मुलगा पेणच्या स्थानकावर उतरून परतीच्या एस्.टी.ची वाट पाहत उभे राहतात.