दार उघडे ठेवणारी शेते

संग्रहालयात काचेमागे ठेवलेला नांगर आपण सर्वांनी पाहिलेला असतो. शेजारी पाटी असते. तीवर नांगराचे नाव, गाव आणि अंदाजे काळ लिहिलेला असतो. विद्यार्थी पाटी उतरवून घेतात आणि पुढच्या दालनात जातात. पण या नांगराने ओल्या जमिनीत काम होत होते का, दिवसाला किती जमीन नांगरली जाई, बैल किती वेळाने दमत, फाळाला धार किती दिवसांनी लावावी लागे, हे पाटीवर नसते. ते असू शकतही नाही, कारण या प्रश्नांची उत्तरे नांगरात नसतात. नांगर, बैल, माती, हवामान आणि माणूस यांच्या एकत्र कामात ती असतात. ते काम थांबले की वस्तू उरते आणि ज्ञान जाते.

ही अडचण ओळखून काही लोकांनी वेगळ्या प्रकारचे संग्रहालय उभे केले. तिथे शेत हीच वस्तू असते आणि ते वर्षभर कसले जाते. अशा शेतांचा इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असा आहे.

एका शिक्षकाचा उद्योग

आर्तुर हाझेलियस (१८३३-१९०१) हे स्वीडनमधले भाषेचे शिक्षक. १८७२ साली ते दालार्ना प्रांतात प्रवासाला गेले. कारखाने आणि रेल्वे यांमुळे खेड्यांतले जुने कपडे, घरे आणि कामाच्या पद्धती झपाट्याने नाहीशा होत होत्या. त्यांनी तिथे एक लोकरीचा घागरा विकत घेतला आणि संग्रहाला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये त्यांनी हा संग्रह लोकांना खुला केला. पण वस्तू मांडून त्यांचे समाधान होईना. म्हणून त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून अख्खी घरे सुटी करून आणली आणि एका टेकाडावर पुन्हा उभी केली. ऑक्टोबर १८९१ मध्ये 'स्कानसेन' हे खुल्या आवारातले संग्रहालय सुरू झाले. तिथे घरांबरोबर गुरे होती, शेतीचे तुकडे होते आणि जुनी कामे करून दाखवणारी माणसे होती. ही कल्पना इतकी पसरली की पोलिश, चेक, हंगेरियन अशा भाषांत 'स्कानसेन' हा शब्द अशा कोणत्याही संग्रहालयासाठी रूढ झाला.

अमेरिकेत याच विचाराला शेतीची जोड मिळाली ती १९६५ साली. मॅरियन क्लॉसन या अर्थतज्ज्ञाने एका शेतीविषयक इतिहासपत्रिकेत प्रस्ताव मांडला, की देशाच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या काळांतली शेती प्रत्यक्ष चालवून दाखवणारी शेते असावीत. १९७० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज येथे अशा शेतांची आणि कृषी-संग्रहालयांची संघटना स्थापन झाली.

तळ्यावरचे पीक

या परंपरेतले एक शेत न्यू जर्सी राज्यात, मर्सर काउंटीत आहे. त्याचे नाव हॉवेल लिव्हिंग हिस्टरी फार्म. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. १९७४ साली इनेझ हॉवेल यांनी आपले पती, माजी काँग्रेस सदस्य चार्ल्स हॉवेल यांच्या स्मरणार्थ हे १३० एकरांचे शेत काउंटीला दान दिले. मुलांनी तिथे येऊन गाय दोहावी, अंडी गोळा करावीत, मेंढ्यांची लोकर कातरायला हात लावावा, अशी त्यांची इच्छा होती. आज तिथे साधारण १८९० ते १९१० या काळातली शेती केली जाते. नांगराला घोडे किंवा बैल जुंपलेले असतात. शनिवारच्या नेहमीच्या कार्यक्रमांना प्रवेशशुल्क नसते. त्या आठवड्यात शेतावर जे काम आले असेल, तोच कार्यक्रम. कधी पेरणी, कधी मळणी, कधी मेपलच्या झाडांचा रस आटवून साखर करणे.

या कामांपैकी एक आपल्याला अपरिचित आहे. ते म्हणजे बर्फाची कापणी. हिवाळ्यात तळे गोठले आणि थर पुरेसा जाड झाला की शेजारपाजारचे लोक जमतात. करवतीने बर्फाचे ठोकळे कापतात, आकड्यांनी ओढून काठावर आणतात आणि बर्फगृहात रचतात. थर पातळ असेल तर कापणी होत नाही. उन्हाळ्यात हाच बर्फ मीठ घालून आइसक्रीम करण्यासाठी वापरतात. आपल्याकडच्या लाकडी पॉटच्या आइसक्रीमसारखीच ही रीत.

हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकतो कसा? कारणे तीन आहेत. पहिले, बर्फाची वितळण्याची सुप्त उष्णता मोठी आहे. १ किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत १ किलो पाण्याचे तापमान ० अंशांवरून ८० अंश सेल्सियसपर्यंत जाईल. दुसरे, ठोकळे एकमेकांना चिकटवून रचले की उघडा पृष्ठभाग कमी होतो. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाला दर किलोमागे जेवढा पृष्ठभाग असतो, त्याच्या एक दशांश पृष्ठभाग १ मीटर बाजूच्या घनाला असतो. तिसरे, भोवती भरलेला लाकडाचा भुसा. त्यात अडकलेली हवा उष्णता सहजी आत जाऊ देत नाही. मात्र वितळलेले पाणी खालून निघून जायला वाट हवी, नाहीतर भुसा भिजतो आणि त्याचा उपयोग संपतो. हा शेवटचा मुद्दा पुस्तकात क्वचित सापडतो. बर्फगृह चालवणाऱ्याला तो विसरून चालत नाही.

या भुशाचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली 'टस्कनी' या जहाजातून कलकत्त्याला बर्फ पाठवला. निघताना सुमारे १८० टन होता. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडून सुमारे १०० टन पोचला. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी बर्फगृहे झाली. मुंबईचे आता उरलेले नाही. मद्रासचे मात्र 'आइस हाउस' या नावाने अजून ओळखले जाते. स्वामी विवेकानंद तिथे राहिल्यामुळे आज ते विवेकानंद भवन आहे. अमेरिकेतल्या तळ्यावरचा बर्फ मुंबईच्या साहेबाच्या पेल्यात कसा टिकला, हे व्यापाराच्या इतिहासात वाचून पुरते पटत नाही. भुशातून काढलेला ठोकळा हातात घेतला की पटते.

पेवाचा उलगडा

अशा शेतातून केवळ जुन्याचे प्रदर्शन होत नाही, नवे ज्ञानही मिळते. याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यातले बटसर हे शेत. इथे तिकीट आहे, पण शास्त्रीय कामासाठी त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. १९७२ पासून पीटर रेनल्ड्स यांनी तिथे लोहयुगातली, म्हणजे सुमारे २३०० वर्षांपूर्वीची शेती करून पाहायला सुरुवात केली.

दक्षिण इंग्लंडमध्ये लोहयुगीन वस्त्यांच्या उत्खननात खडूच्या खडकात खणलेले असंख्य खड्डे सापडतात. ती धान्याची कोठारे असावीत असा तर्क होता. शंका अशी, की इंग्लंडच्या पावसात जमिनीखाली धान्य कुजणार नाही का? रेनल्ड्स यांनी वाद घातला नाही. खड्डे खणले, धान्य भरले, तोंड मातीने लिंपून बंद केले आणि हिवाळा जाऊ दिला. उघडल्यावर दिसले ते असे: भिंतीलगतच्या पातळ थरातले दाणे ओलाव्याने मोडावले होते किंवा त्यांना बुरशी आली होती. आतले धान्य मात्र चांगले होते. त्यातले बहुतेक दाणे पेरण्याजोगेसुद्धा होते.

कारण सोपे आहे. कडेचे दाणे मोडावतात तेव्हा ते जोराने श्वसन करतात. बंद खड्ड्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. मग कीड, बुरशी आणि खुद्द दाणे या सर्वांच्याच हालचाली मंदावतात. कडेचे थोडे धान्य खर्ची पडते आणि उरलेले राखले जाते.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. हे आपले पेवच. अरुंद तोंडाचे, पोटात रुंद, कडबा लावून भरलेले आणि वर मातीने लिंपलेले. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांतल्या बऱ्याच पेवांत शिरले. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, काही वेळ ते मोकळे ठेवायचे आणि आधी पेटता कंदील सोडून पाहायचा, हा जाणत्यांचा नियम. ज्योत विझली तर आत जीव गुदमरणार. रेनल्ड्स यांच्या प्रयोगात मिळालेले उत्तर या नियमात व्यवहाराच्या रूपाने आधीच होते. ते कोणी मोजले नव्हते, एवढेच.

बटसरला पेरलेल्या जुन्या गव्हांपैकी एक 'एमर' आहे. तोही आपल्या परिचयाचा, कारण आपला खपली गहू त्याच जातीचा. तिकडे तो उत्खननातल्या जळक्या दाण्यांवरून ओळखून, बियाणे मिळवून, पुन्हा पेरावा लागला. सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत तो शेतकऱ्यांच्या शेतात टिकून आहे.

फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शेतावरचे कार्यक्रम फुकट असावेत का?

चित्रांचे दालन एकदा पाहिले तरी बरेचसे पाहून होते. शेताचे तसे नाही. जूनमध्ये आलेल्या मुलाला मळणी दिसत नाही आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्याला पेरणी. शेत कळायला तेच मूल वर्षातून पाच-सहा वेळा यावे लागते. तिकीट ठेवले की बहुतेक कुटुंबे वर्षातून एकदा येतात, सहल करतात आणि जातात. म्हणून इथे फुकट प्रवेश हा दानधर्म नाही. विषय शिकवण्याच्या पद्धतीतच तो बसवलेला आहे. शिवाय जवळचे लोक वारंवार आले की ते प्रेक्षक राहत नाहीत. ते करवत हातात घेतात आणि कामाला लागतात.

पण शेताचा खर्च पाहुणे येवोत न येवोत चालूच असतो. गुरांना रोज वैरण लागते, कुंपण मोडते, जाणत्या कामगाराला पगार द्यावा लागतो. हॉवेल शेतात जमीन दानाची आहे, कारभार काउंटीचा आहे, आणि मदतीला स्थानिकांचे मित्रमंडळ व स्वयंसेवक आहेत. या तीन पायांवर ते उभे आहे.

असा आधार ढासळला तर काय होते, हे व्हर्जिनियातल्या टर्की रन शेताने दाखवले. वॉशिंग्टनजवळ अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे शेत सुरू केले. काळ ठरवला होता १७७१ चा आणि कुटुंब गरीब कुळाचे. काही वर्षांतच पैशाअभावी ते बंद करायचे ठरले. तेव्हा परिसरातल्या लोकांनी संस्था काढली, क्लॉड मूर या डॉक्टरांनी मोठी देणगी दिली आणि १९८१ पासून त्यांच्याच नावाने शेत पुन्हा उभे राहिले. माफक तिकीट आणि स्वयंसेवकांच्या बळावर ते चालले. पुढे जमिनीच्या मालक असलेल्या उद्यान सेवेशी कराराच्या अटींवर एकमत झाले नाही आणि डिसेंबर २०१८ मध्ये शेत बंद झाले. सरकारने सोडले तेव्हा लोकांनी सावरले होते. लोक तयार असतानाही जमीन आपली नव्हती, म्हणून ते थांबले.

इमारत बंद पडली तर कुलूप काढून दहा वर्षांनी पुन्हा उघडता येते. शेताचे तसे होत नाही. बैल विकले जातात, बियाणे उगवण्याची ताकद गमावते आणि हाताला सवय असलेला माणूस दुसऱ्या कामाला लागतो. एक हंगाम चुकला तरी साखळी तुटते.

आपल्या शाळेपुरते

असे शेत उभारणे प्रत्येक शाळेला जमणार नाही. पण त्यामागची रीत उचलता येईल. दोन सारखे बर्फाचे ठोकळे घ्या. एक ताटात उघडा ठेवा, दुसरा डब्यात भुशात पुरा आणि डब्याच्या तळाला भोके पाडा. दर अर्ध्या तासाने वजन करा. तिसरा ठोकळा बिनभोकाच्या डब्यात ठेवलात तर निचऱ्याचे महत्त्वही मोजता येईल. रुंद तोंडाच्या बरणीत मोडावलेली मटकी घट्ट झाकून एक दिवस ठेवा आणि मग जळती काडी आत धरून पाहा. खऱ्या पेवात मात्र विद्यार्थ्यांना कधीही उतरू देऊ नका.

याहून महत्त्वाचे काम गावात आहे. पेव भरलेले, मोट हाकलेली, खपली सडलेली माणसे आपल्या आसपास अजून आहेत. त्यांना वर्गात बोलावून भाषण करायला लावू नका. ती जिथे काम करत तिथे मुलांना न्या आणि ते काम करून दाखवायला सांगा. मुलांनी मापे घ्यावीत, वेळ मोजावा, प्रश्न विचारावेत. वर्षातून एकदा नव्हे, प्रत्येक हंगामात जावे. याला तिकीट लागत नाही. लागतो तो शाळेच्या वेळापत्रकातला एक तास, आणि तो देणे शिक्षकांच्याच हातात आहे.